ओटीवरचे पोस्ट

पोस्ट म्हणजे सरकारी इमारत, असे शहरातल्या मुलांना वाटते. आमच्या गावी ते एका घराच्या ओटीवर होते. एक लाकडी पेटी, तारखेचा शिक्का, छोटा तराजू आणि बाहेर भिंतीला टांगलेला लाल डबा. आधी आजोबा पोस्टमास्तर, मग मुलगा, मग नातू. ओटी तीच. आमची आई मात्र ओटीखाली अंगणात उभी राहायची.

हे असे कसे झाले? इंग्रजी अमदानीत प्रत्येक खेड्यात पगारी पोस्टमास्तर सरकारला परवडत नसे. मग शाळामास्तर, दुकानदार किंवा जमीनवाला गाठून, थोडा भत्ता देऊन, त्याच्याच घरात पोस्ट थाटत. काम दिवसातून काही तासांचे. म्हणून पुढच्या नियमांतही पोटापाण्याचे दुसरे साधन हवे, मालमत्ता हवी, अशी अट असे. आपल्या किती आजोबांच्या नावावर जमीन होती, ते वाचकांनीच आठवावे. जागा पोस्टमास्तरची, आणि रजा घेतली तर बदली माणूसही त्यानेच द्यायचा. साहजिकच मुलगा किंवा सून वही लिहायला बसे, शिक्का मारायला शिके आणि पुढे काम त्यांच्याकडेच जाई. कागदावर वतन नव्हते, व्यवहारात होते.

बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली निघाले, ‘जनता’ १९३० साली. वर्गणीदारांचे अंक टपालानेच जात. म्हणजे आपला कागद आपल्या हाती येण्याआधी अशाच कुणाच्या तरी ओटीवरून येणार!

आमचे वडील मुंबईला गिरणीत. महिन्याला मनिऑर्डर यायची. आई अंगठा उठवायची, साक्षीदार सही करायचा, आणि खालच्या कूपनावरचा मजकूर मास्तर मोठ्याने वाचायचे. घरातली गोष्ट सगळ्या अंगणाने ऐकायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पैसे यायचे थांबले. तरी आई जायची. मास्तरांची सून तिला लांबूनच मान हलवून ‘नाही’ सांगायची. एकदा उन्हात तिने न मागता पाणी आणले. दिले ते वरून, ओंजळीत.

त्या घराचेही सगळे बरे होते असे नाही. भत्ता तुटपुंजा, सरकारी नोकरासारखे पेन्शन नाही. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने ही पदे नागरी सेवेची आहेत असे ठरवले, तरी खात्याच्या कायम नोकरांची बरोबरी मिळाली नाही. पुढे ‘ग्रामीण डाक सेवक’ असे नाव मिळाले. २०१८ साली भत्ता वाढला, तेव्हा चार तासांच्या शाखा पोस्टमास्तरला किमान १२,००० रुपये आणि महागाई भत्ता ठरला.

आणि अंगण? अकरा राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी २००६ साली पुस्तकरूपाने आली. जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या गावांत दलितांच्या घरी टपाल पोचवलेच जात नव्हते. ही आजोबांच्या काळातली गोष्ट नव्हे.

बौद्धांना केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली मिळाल्या. आता डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते, राखीव जागाही असतात. वाडीतल्या आपल्या मुलीने अर्ज जरूर भरावा. फक्त एक गोष्ट घरच्यांनी आधीच पाहून ठेवावी. शाखा पोस्टमास्तर म्हणून निवड झाली की पोस्टासाठी गावात मध्यावर जागा उमेदवारानेच द्यायची असते. आपली वाडी तर गावाच्या कडेला. मधल्या आळीत तिला खोली कोण देईल, याची चौकशी फॉर्म भरतानाच करावी.