म्हाताऱ्या बैलाचा संधिवात

जेऊर हें करमाळा तालुक्यांतील, पुणें-सोलापूर लोहमार्गावरील गांव. 1980 सालीं उजनीचें धरण पुरें झाल्यापासून या भागांत ऊस वाढला, व उसाबरोबर गाडीच्या बैलाचे श्रमही वाढले. खिलार बैल चपळ व काटक खरा. परंतु डांबरी सडकेवर वर्षानुवर्षें भरली गाडी ओढून त्याचे सांधे झिजतात. अशा बैलाची निगा कशी राखावी, याचा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

सांध्यांतील हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत आवरण असतें. वय, ओझें व जुनी दुखापत यांनीं तें झिजतें, हाडावर हाड घांसूं लागतें व सांधा सुजतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत् होत नाहीं. म्हणून रोग समूळ घालवितों असें सांगणारावर विश्वासूं नये. वेदना कमी करणें मात्र आपल्या हातीं आहे.

बैल सकाळीं उठतांना अडखळतो व चार पावलें चालल्यावर कांहींसा मोकळा होतो, हें या रोगाचें ठळक लक्षण होय. तथापि प्रथम खूर उचलून पाहावा. कित्येकदां रुतलेला खडा, सैल नाल किंवा वाढलेला खूर हेंच लंगडण्याचें कारण असतें. सांधा एकाएकीं सुजून ताप आल्यास पशुवैद्यास तत्काळ बोलवावें.

गोठ्यांत गुळगुळीत फरशी नसावी. उसाचें कोरडें पाचट वीतभर अंथरावें व ओलें होतांच बदलावें. पाणी व वैरण जवळ ठेवावी. बैलास दिवसभर खुंट्यास जखडूं नये. सकाळ-सायंकाळ मऊ मातीवरून थोडें फिरवावें. अंगावर फाजील मेद चढूं देऊं नये, कारण तो भार त्याच सांध्यांवर पडतो. उठूं न शकणाऱ्या बैलाची कूस दिवसांतून तीन-चार वेळां पालटावी. डागण्या देणें सर्वथा सोडावें. त्यांनीं कूर्चा येत नाहीं, जखम मात्र होते.

औषधाविषयीं एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक जनावरांस देण्यावर भारत सरकारनें 2006 सालीं बंदी घातली. तें दिलेलें जनावर लवकरच मेलें व गिधाडांनीं खाल्लें, तर त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मरतात. आपल्या देशांतील गिधाडें याच कारणानें झपाट्यानें घटलीं. माणसांसाठीं असलेली कुपी आणून बैलास टोंचूं नये. 2023 सालीं किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांपुरती बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांस निर्धोक ठरलें आहे. तें पशुवैद्यानें वजन पाहून ठरविलेल्या मात्रेनेंच द्यावें.

महाराष्ट्रांत 2015 सालापासून बैलाच्या कत्तलीस कायद्यानें बंदी आहे. तेव्हां थकला बैल अखेरपर्यंत दावणीस राहणार, हें धरूनच त्याच्या वैरणीची तजवीज शेतकरी बंधूंनीं आधीं करून ठेवावी. ज्याच्या खांद्यावर शेत उभें राहिलें, त्यास कोरडी जागा व पोटभर चारा मिळणें हा उपकार नव्हे. तें त्याचें येणें आहे.