जंतुनाशक माउथवॉश : औषध म्हणून घ्या, सवय म्हणून नको

हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अक्कलदाढ काढली किंवा हिरडीवर शस्त्रक्रिया झाली, की दंतवैद्याच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली बहुधा आणखी एक ओळ असते : क्लोरहेक्सिडिन माउथवॉश, दिवसातून दोनदा. गोळ्या पाच-सहा दिवसांत संपतात. बाटली मात्र बेसिनवरच्या फळीवर महिनोन्महिने मुक्काम ठोकते. तोंडाला वास आला, एखादा फोड आला, की त्यातलेच दोन घोट तोंडात घेतले जातात. घरातील इतर मंडळीही ती वापरू लागतात. सुगंधी माउथवॉश आणि हे औषध एकाच मापाने मोजले जाते, आणि गफलत तेथेच होते.

औषध काम कसे करते?

क्लोरहेक्सिडिनचा शोध ब्रिटनमध्ये लागला आणि १९५४ पासून ते जखमा व त्वचा निर्जंतुक करण्यासाठी वापरात आले. दातांच्या आरोग्यासाठी त्याचा उपयोग किती मोठा आहे, हे १९७० मध्ये डेन्मार्कमधील संशोधनातून स्पष्ट झाले. दिवसातून दोन वेळा चूळ भरल्यास, ब्रश न करताही दातांवर जंतूंचा थर साचत नाही, असे त्या प्रयोगात दिसले. अमेरिकेत १९८६ मध्ये ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध म्हणून मान्य झाले.

या द्रव्याच्या रेणूंवर धन विद्युतभार असतो, तर जंतूंच्या आवरणावर ऋण. त्यामुळे औषध जंतूंना चिकटते व त्यांचे आवरण फोडते. ते दातांना आणि तोंडाच्या आतील त्वचेलाही चिकटून राहते आणि पुढचे कित्येक तास हळूहळू सुटत राहते. म्हणूनच दिवसातून दोन वेळा ते पुरेसे ठरते. अधिक वेळा वापरून गुण अधिक येत नाही, त्रास मात्र वाढतो.

मात्रा आणि पद्धत

बाटलीवरील टक्केवारी आधी वाचावी. ०.२ टक्क्यांचे औषध साधारणतः १० मिलिलिटर घेऊन एक मिनिट, तर ०.१२ टक्क्यांचे १५ मिलिलिटर घेऊन अर्धा मिनिट तोंडात खळखळवावयाचे असते. दोन्ही प्रकारांत तोंडात जाणारे औषध जवळजवळ सारखेच, म्हणजे अनुक्रमे २० व १८ मिलिग्रॅम असते. अंदाजाने ओतण्याऐवजी मापाचे झाकण वापरावे. दंतवैद्याने सांगितल्याखेरीज त्यात पाणी मिसळू नये.

आपल्याकडे 'गुळण्या करा' असे सांगितले, की अनेक जण मान वर करून घशात खळखळ करतात. हे औषध घशासाठी नाही. ओठ मिटून ते दातांच्या फटींतून, गालांच्या आतून फिरवावे आणि थुंकून टाकावे, गिळू नये. लगेच पाण्याने चूळ भरल्यास औषध धुऊन जाते व कडवटपणाही अधिक जाणवतो. त्यानंतर निदान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये.

दात काढल्यानंतर पहिले २४ तास मात्र जोरात चूळ भरू नये. जखमेतील रक्ताची गाठ निसटली, तर हाड उघडे पडून असह्य वेदना होतात.

टूथपेस्टशी वैर

बहुतेक टूथपेस्टमध्ये फेस आणणारे एक द्रव्य असते. त्याचा विद्युतभार उलट असल्याने ते क्लोरहेक्सिडिनला निष्प्रभ करते. ब्रश केल्याबरोबर ही चूळ भरणारा रुग्ण औषधाचा मोठा भाग वाया घालवतो. ब्रश झाल्यावर तोंड पाण्याने स्वच्छ धुवावे आणि किमान अर्धा तास थांबावे. दुपारच्या जेवणानंतरची व झोपण्यापूर्वीची वेळ ठरवून घेतल्यास हे सहज जमते.

दुष्परिणाम कोणते?

सर्वांत सामान्य तक्रार डागांची. काही दिवसांतच दात व जीभ तपकिरी दिसू लागतात. चहा-कॉफीने हे डाग अधिक गडद होतात. दातांवरचे डाग दंतवैद्याकडे घासून काढता येतात. पुढच्या दातांत भरलेल्या पांढऱ्या सिमेंटवरचे डाग मात्र कधी कधी निघत नाहीत. अन्नाची, विशेषतः मिठाची चव काही काळ कळेनाशी होते. कीटण वाढते. काहींना आग होते किंवा तोंडाच्या आतली साल निघते. म्हणूनच हे औषध बहुधा दोन आठवड्यांपुरते, फार तर महिनाभरासाठी दिले जाते.

गंभीर अॅलर्जी क्वचितच होते, पण ती जिवावर बेतू शकते. तसा इशारा ब्रिटनच्या औषध नियामक यंत्रणेने २०१२ मध्ये व अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. अंगावर गांधी उठणे, ओठ वा चेहरा सुजणे, श्वास लागणे यांपैकी काहीही झाल्यास औषध तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. पूर्वी एखाद्या जंतुनाशक मलमाने असा त्रास झाला असेल, तर दंतवैद्याला आधीच सांगावे. गर्भवतींनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे. ज्यांना चूळ थुंकून टाकता येत नाही, अशा लहान मुलांच्या हाती ही बाटली लागू देऊ नये. काही उत्पादनांत अल्कोहोल असते. तोंड कोरडे पडणाऱ्या आणि व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या रुग्णांनी वेष्टनावरील घटक अवश्य तपासावेत.

चूळ म्हणजे उपचार नव्हे

दातांवर घट्ट बसलेले कीटण चुळीने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. कीटण तसेच ठेवून चूळ भरत राहिल्यास रक्त काही दिवस थांबते, पण हिरडीखालचे हाड झिजतच राहते. मधुमेही रुग्णांत हे अधिक वेगाने होते.

तंबाखू, गुटखा वा मिश्रीची सवय असलेल्यांनी तर अधिकच सावध राहावे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे ही कर्करोगाची किंवा त्याच्या पूर्वावस्थेची खूण असू शकते. माउथवॉशने वास जातो, आग थोडी शमते आणि तपासणी मात्र पुढे ढकलली जाते. या आजारात वाया गेलेले महिने फार महाग पडतात.

तेव्हा चिठ्ठीवर लिहिलेले दिवस संपले, की बाटली फळीवरून खाली उतरवावी. त्यानंतरही रक्त येत असेल, तर दुसरी बाटली आणण्याऐवजी दंतवैद्याची वेळ घ्यावी.