ग्वाल्हेर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती, वेळ किती?

ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांतील अनेक मुले-मुली आज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थायिक झाली आहेत. घरातील वडीलधारे निवर्तले की 'मुलगा केव्हा पोहोचेल?' हा पहिला प्रश्न असतो, आणि अंत्यसंस्कार थांबवावयाचे की नाही हे त्याच्या उत्तरावर ठरते. म्हणून हा हिशेब येथे देत आहोत.

ग्वाल्हेरच्या विमानतळाची नवी वास्तू मार्च २०२४ मध्ये साकार झाली; तथापि अमेरिकेची वाट दिल्लीवरूनच सोयीची. दिल्लीचा विमानतळ येथून सरळ रेषेत सुमारे २७५ किलोमीटर आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर गोलावर दोरा ताणून मोजल्यास सुमारे १२,४०० किलोमीटर भरते, व तो दोरा उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो.

विमान मात्र आखूड वाटच धरील असे नाही. एअर इंडियाने २ डिसेंबर २०१५ रोजी या मार्गावर थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. वाट १५,३०० किलोमीटर झाली, तरी वेळ सुमारे दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला! कारण उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. चंबळेत प्रवाहाबरोबर नाव सोडणारा लांबच्या घाटावरही लवकर लागतो, तसेच हे.

वाऱ्याप्रमाणेच राजकारणही आड येते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांस आपले आकाश बंद केल्यावर अमेरिकेच्या फेऱ्या लांबल्या, व काहींना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. तेव्हा प्रवासाचे तास जुन्या अनुभवावरून सांगू नयेत, त्या दिवशीचे तिकीट पाहावे.

खरा घोटाळा घड्याळाचा होतो. कॅलिफोर्निया आपल्यामागे उन्हाळ्यात साडेबारा तास, तर नोव्हेंबर ते मार्च साडेतेरा तास असते. समजा, मुलगा जूनमध्ये कळवितो, 'बुधवारी सकाळी नऊच्या विमानाने निघतो.' त्या क्षणी येथे बुधवारचे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. थेट विमानाचे सोळा तास धरल्यास दिल्लीस गुरुवारी दुपारी दीड वाजतो. पारपत्र तपासणी व सामान यांस दोन तास, आणि पुढे ग्वाल्हेरपर्यंत मोटारीने सहा तास; म्हणजे घरी गुरुवारी रात्री साडेनऊ. 'बुधवारी सकाळी' हे शब्द ऐकून गुरुवारी पहाटेची तयारी करून बसलेले आप्त दिवसभर तिष्ठत राहतात. हिवाळ्यात याहून एक तास उशीर. थेट विमानात जागा न मिळाल्यास मधल्या विमानतळावरील मुक्कामाचे तास निराळे मिळवावेत.

मुलाकडून निघण्याची वेळ विचारू नये. दिल्लीस उतरण्याची भारतीय वेळ व तारीख विचारावी. ती तिकिटावर छापलेली असते.