सक्षम कार्यगटाची उभारणी : प्रशिक्षण आणि ज्ञानाची देवाणघेवाण

उद्योगात यंत्रसामग्री आणि भांडवल यांइतकेच मनुष्यबळ महत्त्वाचे असते, असे व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. मात्र दहा माणसे एका छपराखाली आली म्हणजे त्यांचा कार्यगट झाला असे होत नाही. प्रत्येकाला आपले काम चांगले येते, पण शेजारच्याचे काम काय आहे हे ठाऊक नाही, अशी स्थिती अनेक कारखान्यांत व कार्यालयांत दिसते. कम्युनिटी कॉलेजमधील विद्यार्थी पुढे अशाच ठिकाणी नोकरीस लागतात. म्हणून हा प्रश्न अध्यापकांच्याही विचाराचा आहे.

याचे उत्तम उदाहरण धारवाडच्या मळमड्डीपासून फार दूर नाही. एकीकडे धारवाड तालुक्यातील गरग हे गाव राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी प्रसिद्ध आहे. दुसरीकडे हुबळीच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे. १ नोव्हेंबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेला २००६ च्या सुमारास भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र मिळाले आणि देशभर जाणारे प्रमाणित खादी ध्वज येथे तयार होऊ लागले.

ध्वजाची लांबी व रुंदी यांचे प्रमाण ३:२, आकार नऊ. सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटर. अशोकचक्राला २४ आरे. सूत कातणे, विणणे, धुलाई व रंगाई, चक्राची छपाई, शिलाई, दोरी बसवणे असे कामाचे टप्पे असून हे काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. कापड मुख्यतः बागलकोट जिल्ह्यातून येते. म्हणजे सूत कातणारी आणि ध्वज शिवणारी यांची कदाचित कधी भेटही होत नसेल.

आता दोष कसा प्रवास करतो ते पाहू. सुताला पीळ कमीजास्त पडला तर कातताना ते डोळ्यांना जाणवत नाही. विणतानाही ते खपून जाते. रंगाच्या टाकीतून कापड बाहेर आले की मात्र पट्टे उमटतात, कारण घट्ट पिळाचे सूत रंग कमी शोषते. दोष रंगाऱ्याच्या माथी येतो, चूक चरख्यावर झालेली असते. चक्राचेही तसेच. ते दोन्ही बाजूंनी छापले जाते व एकमेकांवर तंतोतंत बसावे लागते. छपाईच्या वेळी कापड ताणले गेले असेल, तर नंतर ते आखडते आणि वर्तुळ बिघडते. तपासणीत ध्वज बाद झाला की अलीकडच्या सर्वांची मेहनत वाया जाते.

अशा ठिकाणी कातणारीला केवळ कातणे शिकवून भागत नाही. तिने रंगाईनंतरचे पट्टे पडलेले कापड एकदा हातात घेऊन पाहिले पाहिजे. सूचनांच्या दहा पानांनी जे साधणार नाही ते त्या एका तुकड्याने साधेल. बहुतेक प्रशिक्षणवर्गांत नेमके हेच राहून जाते. तेथे फळ्यावर संघभावनेची व्याख्या लिहिली जाते आणि चहा होतो!

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ध्वजाच्या काठीकडील पट्टीसाठी जाड खादी लागते. तिच्या विणीत नेहमीच्या दोन धाग्यांऐवजी तीन धागे गुंफले जातात. ही वीण येणारे विणकर देशात बोटांवर मोजण्याइतके आहेत. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ मध्ये मांडले की माणसाला जे येते ते सगळे त्याला शब्दांत सांगता येत नाही. पुढे १९९५ मध्ये नोनाका व ताकेउची या जपानी अभ्यासकांनी उद्योगांच्या संदर्भात याच मुद्द्याचा विस्तार केला. हातात असलेले ज्ञान पुस्तकात उतरत नाही, ते शेजारी बसूनच घ्यावे लागते. आपल्याकडे गवई आणि गवंडी दोघेही असेच तयार होत आले आहेत, आणि धारवाडात तर हे वेगळे सांगायला नको.

पण जाणत्याने शिकवावे का? कौशल्य वाटले तर आपली किंमत कमी होईल, ही भीती खरी असते. ती उपदेशाने जात नाही. शिकवण्यात गेलेला वेळ मजुरीत धरला पाहिजे. नगावर मजुरी मिळणाऱ्या कारागिराचे उत्पन्न शिकाऊ माणूस शेजारी बसताच घटत असेल, तर तो कशाला शिकवील?

अध्यापकांना वर्गात याचा सराव देता येईल. शिवणकामाच्या तुकडीत कापणाऱ्यांनी व शिवणाऱ्यांनी दर आठवड्यास कामे बदलावीत. बिघडलेला नमुना टाकून न देता, तो कोणत्या टप्प्यावर बिघडला हे सर्वांनी मिळून शोधावे. संगणक, वायरिंग वा रुग्णसेवेच्या अभ्यासक्रमांतही हे जमण्यासारखे आहे. रुग्णसेवेत एका पाळीने दुसऱ्या पाळीला दिलेली माहिती अपुरी पडली तर काय होते, हे सांगायची गरज नाही.

बेंगेरीपुढे मात्र आणखी एक प्रश्न उभा राहिला. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार झालेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. खादी संस्थांनी व कामगारांनी २०२२ मध्ये त्यास विरोध केला. त्यांची चिंता रोजगाराची होती. त्यात कौशल्याचाही प्रश्न गुंतलेला आहे. मागणी घटली की पहिल्यांदा नव्या माणसांची भरती थांबते, आणि तीन धाग्यांची वीण शिकायला मागाशेजारी बसणारे कोणी उरत नाही.