मडकं वाजवा, पण फोडू नका!

बालमित्रांनो, उन्हाळ्यात घरी नवा माठ आणायचा असतो, तेव्हा आई कुंभाराकडे काय करते, आठवतंय? माठ हातात घेते आणि त्यावर बोटानं टिचकी मारते. 'टण्' असा खणखणीत आवाज आला की माठ पक्का. 'भद्' असा आवाज आला की तो कच्चा तरी असतो, नाही तर त्याला कुठं तरी चीर गेलेली असते. टिचकी आधी, पैसे मागाहून! पण माठ पारखायचा म्हणून कुणी त्यावर वरवंटा घालतं का? नाही ना?

आज मी तुम्हांला या टिचकीबद्दलच सांगणार आहे. मात्र ती माठावरची नव्हे, तर कवितेवरची आणि मनातल्या श्रद्धेवरची!

गोरोबाकाकांचं थापटणं

सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. तेर या गावी गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव असे सगळे होते. मुक्ताबाईंचं लक्ष थापटण्याकडे गेलं. "काका, हे काय?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "यानं थापटलं की मडकं कच्चं की पक्कं ते कळतं." मुक्ताबाई म्हणाल्या, "मग आम्हां मडक्यांनाही पाहा की!"

झालं! काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. बाकीचे शांत बसून राहिले. नामदेवांना मात्र राग आला. काका म्हणाले, "एवढं मडकं कच्चं आहे!"

नामदेव रुसले, रडले, थेट विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले. विठ्ठलानं त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवलं. तिथं पाहतात तो काय, विसोबा चक्क शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, "बाबा रे, जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव." नामदेवांनी पाय उचलले खरे, पण ठेवावेत तिथं पिंडीच दिसू लागली!

ही दंतकथा आहे बरं का, इतिहासातली नोंद नव्हे. पण त्या काळची ही संतमंडळी पाहा. गोरोबा कुंभार, नामदेव शिंपी, सावता माळी, नरहरी सोनार आणि नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाई! कविता हा यांच्यापैकी कुणाचाच पोटापाण्याचा उद्योग नव्हता. हातानं काम करायचं आणि ओठानं अभंग रचायचे. कथेत ही माणसं एकमेकांची परीक्षा घेतात, आणि देव कुठं आहे, कुठं नाही, असा अवघड प्रश्नही विचारतात. आणि 'कच्चं मडकं' म्हटल्यावर नामदेवांनी काय केलं? त्यांनी अभंग सोडले नाहीत. त्यांची पदं पुढं थेट शिखांच्या 'ग्रंथसाहिबा'त जाऊन बसली!

शनिवारचा शेवटचा तास

आता आमच्या तळ्याची गोष्ट. तळं म्हणजे पाण्याचं नव्हे हं! तळा हे रायगड जिल्ह्यातलं आमचं गाव, तळगडाच्या पायथ्याशी. आमच्या वर्गात शनिवारी शेवटच्या तासाला मुलं स्वतः केलेल्या कविता वाचतात. एकदा एका मुलीनं पावसाची कविता वाचली. तिचे बाबा मुंबईला कामाला. गौरी-गणपतीला ते येतात आणि विसर्जन झालं की एस.टी. धरून परत जातात. तिच्या कवितेत त्या दिवशी आभाळातला देव रडत होता, म्हणून पाऊस पडत होता.

कविता संपते न संपते तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, हे चूक आहे! समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ती वर जाऊन थंड होते, त्याचे ढग होतात आणि मग पाऊस पडतो. पुस्तकात दिलंय. देव कुठं रडतो?"

वर्ग हसला. मुलीनं कागदाची घडी घालून तो दप्तरात कोंबला. पुढचे दोन शनिवार ती वाचायला उठलीच नाही.

आता सांगा, मुलगा चुकीचं बोलला का? मुळीच नाही. पाऊस तसाच पडतो. मग मुलीनं खोटं लिहिलं का? तेही नाही. मग बिघडलं कुठं? याचं उत्तर शोधायला आपण जरा जळगावला जाऊन येऊ.

डॉक्टर अध्यक्ष आणि छोटा कवी

१९०७ साली जळगावला कवींचं एक संमेलन भरलं. अध्यक्ष होते लेफ्टनंट कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे गृहस्थ लष्करातले डॉक्टर आणि नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ! मुंबईकडच्या विषारी वनस्पतींवर त्यांनी लेखमाला लिहिली. औषधी वनस्पतींवर मेजर बामनदास बसूंच्या जोडीनं लिहिलेला त्यांचा मोठा ग्रंथ १९१८ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आला. फूल उकलायचं, पाकळ्या मोजायच्या, केसर तपासायचे, हा त्यांचा अभ्यास. पण ते स्वतः कविताही करत.

त्या संमेलनात धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचं नाव. त्याच्या कवितेत फुलं, झरे, पहाट सगळी माणसांसारखी वागायची. "फुलाला मन नसतं, शास्त्रात तसं नाही," असं कीर्तिकरांना म्हणता आलं असतं. फुलांबद्दल सभेत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्यांनी त्या मुलाला पदवी दिली, 'बालकवी'! आज आपण त्याला याच नावानं ओळखतो.

हे बालकवी पुढं काही काळ अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिले. टिळक मोठे कवी. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी मात्र लगेच स्वीकारला नाही. त्यांनी काही वर्षं विचार केला आणि मग स्वतःच ठरवलं. बालकवी त्या ख्रिस्ती घरात घरच्या मुलासारखे राहिले आणि अखेरपर्यंत हिंदूच होते. घर एक, धर्म दोन, आणि कवितेचं वेड सगळ्यांना! लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक मोठे झालात की जरूर वाचा. त्यात हे घर तुम्हांला भेटेल. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे काव्य लिहायला घेतलं ते आपल्या मराठमोळ्या ओवीत, आणि त्यांच्या मागं ते पुढं नेलं लक्ष्मीबाईंनी.

श्रद्धा आणि शास्त्र एका घरात नांदतात, याचा पुरावा आमच्या तालुक्यातही आहे. मांदाडच्या बाजूला कुडे गावी डोंगरात बौद्ध लेणी आहेत. ज्यांनी दान देऊन ती कोरवून घेतली, त्यांची नावं तिथल्या शिलालेखांत आहेत. कुणी माळी, कुणी लोखंडाचा व्यापारी. आणि एक नाव आहे वैद्य सोमदेवाचं. त्याचे वडीलही वैद्य आणि बुद्धाचे उपासक. नाडी पाहणारं घर, आणि त्याच घरानं भिक्षूंसाठी लेणं दिलं!

चहा, रविवार आणि कविता

आता पुण्याला येऊ. १९२३ साली तिथं काही कवी मित्रांनी एक मंडळ काढलं. रविवारी जमायचं, चहा प्यायचा, एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या आणि त्यावर बोलायचं. म्हणून आधी नाव पडलं 'सन टी क्लब'. पुढं त्याचं झालं 'रविकिरण मंडळ'. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमाबाई रानडे हे पतिपत्नी, नाट्यछटा लिहिणारे दिवाकर अशी ही मंडळी. कुणी प्राध्यापक, कुणी तुमच्या बाई-गुरुजींसारखे शाळामास्तर. त्याच वर्षी त्यांनी 'किरण' हा संग्रह काढला.

त्यांच्यावर टीका झाली नाही असं समजू नका. आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले' या पुस्तकात या कवींची अशी काही नक्कल केली की महाराष्ट्र पोट धरून हसला! पण कवी लिहीत राहिले. नक्कल करायलासुद्धा आधी मूळ कविता बारकाईनं वाचावी लागते, नाही का?

यांच्यातले माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया फारसीवरून मराठीत आणल्या. हा खय्याम कोण होता, ठाऊक आहे? नऊशे वर्षांपूर्वीचा इराणमधला गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ! बीजगणितातली अवघड समीकरणं त्यानं सोडवली. सूर्यावर आधारलेलं जे पंचांग तिथं १०७९ साली सुरू झालं, ते तयार करणाऱ्या मंडळींत तो होता. दिवसा आकडे जुळवणाऱ्या या माणसाच्या नावावरच्या चारोळ्यांत प्रश्न आहेत ते वेगळेच. आपण कुठून आलो? कुठं जाणार? एवढ्याशा आयुष्याचं करायचं काय? पंचांगाची बेरीज चुकली तर त्याला चालली नसती, पण या प्रश्नांची बेरीज त्यानं आकड्यांत मांडली नाही. कोणत्या प्रश्नाला कोणतं माप लावायचं, हे त्याला कळत होतं.

पण विंचू चावला तर?

"मग काय बाई, कुणी काहीही मानलं तरी चालेल?" असं तुम्ही विचाराल. नाही हं! इथं नीट ऐका.

आपल्या कोकणात लाल विंचू चावून पूर्वी कितीतरी माणसं, विशेषतः मुलं, दगावत. घरचे लोक मंत्र घालत, अंगारा लावत, आणि वेळ निघून जाई. १९७६ सालापासून महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करू लागले. त्यांनी रात्र रात्र रोग्यांजवळ बसून नोंदी केल्या. विषाचा मारा हृदयावर होतो, हे ओळखून रक्तदाबावरचं 'प्राझोसिन' हे औषध त्यांनी वापरून पाहिलं. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरातले चाळीसच्या आसपास जात. ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. त्यांचं संशोधन 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तर मित्रांनो, विंचू चावला की कविता नको आणि मंत्रही नको. आधी दवाखाना! देवाला हात जोडायचे असतील तर गाडीत बसल्यावर जोडा. 'हे कसं घडतं?' आणि 'यावर उपाय काय?' हे प्रश्न शास्त्राचे. तिथं पुरावा लागतो. 'मला काय वाटतं?' हा प्रश्न कवितेचा. 'मी कशाच्या आधारानं जगू?' असा प्रश्न पडला की कुणी देवाकडे पाहतो, कुणी माणसांकडे. एकाचं माप दुसऱ्याला लावलं की भांडण ठरलेलं. दुधाला लिटर आणि कापडाला मीटर!

आमच्या वर्गात पुढं काय झालं, तेही सांगते. तिसऱ्या शनिवारी तीच कविता मी फळ्यावर लिहिली. तिची परवानगी घेऊन बरं का! आणि एकच विचारलं, "ही कविता कशाबद्दल आहे?" कुणी म्हणालं, पावसाबद्दल. एक जण हळूच म्हणाला, "तिच्या बाबांबद्दल." वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, "मग बाबा इतक्या उशिरा का येतात? ते पहिल्या कडव्यात हवेत." ही खरी टिचकी! आणि तो वाफेवाला मुलगा? तो म्हणाला, "पावसात एस.टी.च्या काचा लावतात ना, तेव्हा आतून वाफ धरते. मग बाबा दिसतच नाहीत." मुलीनं ते कवितेत घातलं. देव रडायचा राहिला नाही, पण आता काच धूसर झाली आणि तिच्यामागं बाबांचा हात हलला. वाफेचं शास्त्र कवितेच्या उपयोगी पडलं!

तुम्हीही करून पाहा

पाच-सहा मित्रमैत्रिणी जमवा आणि एवढं पाळा:

१. कविता पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

२. आधी आवडलेली एक ओळ सांगायची, आणि ती का आवडली तेही.

३. मग एकच टिचकी. "बरोबर नाही" एवढं म्हणून भागणार नाही. "तिसऱ्या ओळीत अडखळायला होतं" असं नेमकं सांगायचं.

४. हसायचं ते कवितेतल्या गमतीला, कवीला नाही.

५. कवीनं लगेच वकिली करायची नाही. सूचना वहीत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी ठरवायचं.

६. देवाधर्माचा विषय निघाला तर "तुझं खोटं" म्हणायचं नाही. "तुला असं का वाटतं?" असं विचारायचं. शास्त्राचा विषय निघाला तर "कशावरून?" असं विचारायचं. आणि दोन्ही प्रश्न आपल्यालाही कुणी विचारले तर चिडायचं नाही.

पालकांना दोन शब्द. मूल कविता दाखवायला आलं की आधी शुद्धलेखनाच्या चुका काढू नका. त्या उद्याही तिथंच असतील, पण मुलाचा उत्साह असेलच असं नाही. आणि मुलानं "देव खरंच आहे का?" असं विचारलं तर त्याला गप्प करू नका. तुम्ही काय मानता ते सांगा, आणि शेजारच्या काकांचं मत वेगळं असेल तर तेही सांगा. पुढचा विचार मूल स्वतः करील.

चला तर, येत्या शनिवारी कुणाच्या तरी ओटीवर जमा. चहा मोठ्यांसाठी राहू दे, तुम्हांला कोकम सरबत चालेल. पहिली कविता कोण वाचणार?