रघुवीर घाटातील पायऱ्यांचे पाणी

खेडहून पूर्वेस निघालेला रस्ता खोपी गाव मागे टाकून रघुवीर घाटाची वळणे चढू लागतो, तेव्हा आषाढ-श्रावणात समोरच्या कड्यांवरून उतरणाऱ्या जलधारांत एकाच उडीत तळ गाठणारी धार क्वचितच आढळते. पाणी कातळाच्या एका कंगोऱ्यावर आदळते, तेथे आडवे पसरते, फट सापडताच पुन्हा कोसळते आणि असे दोन-तीन टप्पे करीत दरीतल्या पऱ्यास मिळते. हौशी प्रवासी मात्र गाडी उभी करताच थेट शेवटच्या टप्प्याखाली भिजावयास धावतात, आणि ज्याच्यासाठी एवढी यातायात केली ते प्रपाताचे समग्र रूप त्यांच्या डोक्यावरच राहून जाते.

या पायऱ्यांचे मूळ फार जुने आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या मुलखात भूगर्भातून लाव्हारसाचे लोट वाहिले. एक थर निवावा, ऊनपावसाने झिजून त्याच्या पृष्ठभागाची माती व्हावी, आणि पुढच्या लोटाने ती भाजून तांबडी करावी, असा क्रम दीर्घकाळ चालला. त्यामुळे सह्याद्रीच्या कड्यांत घट्ट काळा पाषाण आणि ठिसूळ, सच्छिद्र थर आलटून पालटून आले. ठिसूळ थर पाण्याने आधी कोरला जातो, त्यावरचा पाषाण काही काळ सज्जासारखा पुढे राहतो, आणि खालचा आधार सुटला की तोही तुटतो; धबधब्याच्या पायथ्याशी विखुरलेले धोंडे हे त्याचेच अवशेष होत. थायलंडमधील कांचनबुरी प्रांतातल्या एरावण या सात टप्प्यांच्या प्रपाताची तऱ्हा नेमकी उलट आहे. तेथील पाणी चुनखडीच्या डोंगरातून येते, विरघळलेला चुना काठाकाठाने साठवते आणि आपले बांध आपणच रचते.

टप्प्यांचा प्रपात समग्र दिसतो तो दुरूनच. गोव्याच्या सरहद्दीवरील सुमारे ३१० मीटर उंचीचा, चार टप्प्यांचा दूधसागर प्रसिद्ध झाला तोही दुरून, मधून जाणाऱ्या रेल्वेपुलासह टिपलेल्या छायाचित्रांमुळेच. रघुवीर घाटातही वळणावरून, सुरक्षित अंतर राखून पाहणे हेच रसिकतेचे आणि शहाणपणाचेही. माथ्यावर सर कोसळली की खाली उघडीप असतानाही पाणी चढते; ते गढूळ होऊन पाचोळा वाहू लागला की काठ सोडावा. अतिवृष्टीच्या दिवसांत पर्यटकांस मनाई करणारा हुकूम निघतो, त्यावर नाके मुरडणाऱ्यांनी जुलै २०२१ मध्ये याच खेड तालुक्यातील पोसरे येथे कोसळलेल्या दरडीचे स्मरण ठेवावे. कड्यांवरून उतरलेले पाणी पुढे जगबुडी नदीतून वाहते, आणि खेडात त्याची मोजदाद मीटरांत होते: ५ मीटरला इशारा, ७ मीटरला धोका. तेव्हा बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांना माल वरच्या माळ्यावर चढविण्याची घाई असते. जलसौंदर्याची चर्चा करावयास तेथे कोणास सवड नसते.

घाटमाथ्यापलीकडे सातारा जिल्ह्याची हद्द लागते आणि शिंदी गावापासून कांदाटीचे खोरे सुरू होते. दप्तरी हा मुलूख महाबळेश्वर तालुक्याचा. परंतु कोयनेच्या शिवसागर जलाशयाने वाट अडविल्यामुळे महाबळेश्वरकडे जावयाचे तर तापोळ्यापर्यंत लाँच गाठावी लागते, म्हणून येथील रहिवाशांस बाजारहाटासाठी खेडच सोयीचे. या माथ्यावर पावसाची वाटणी होते. पश्चिमेस पडलेले पाणी जगबुडीतून वाशिष्ठी नदीस आणि दाभोळच्या खाडीस जाते. पूर्वेस पडलेले शिवसागरात उतरते. नैसर्गिक उतारानुसार या दुसऱ्या पाण्याने कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराची वाट धरावयाची. परंतु कोयना प्रकल्पाने त्याचा मोठा हिस्सा बोगद्यांवाटे पश्चिमेस वळविला असून, चिपळूण तालुक्यात पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहात शेकडो मीटर खाली उतरून, वीज निर्माण करून तेही अखेरीस वाशिष्ठीसच मिळते. उंचीने आणि कर्तबगारीने हा प्रपात घाटातल्या कोणत्याही धारेहून थोर खरा, पण तो डोंगराच्या पोटात असल्याने घाटाच्या कोणत्याच वळणावरून दिसत नाही.