लागर आंबून झाली का? मोबाईलवर असं ओळखा

इथे जर्मनीत घरी लागर बिअर करताना मी टाकीत ब्लूटूथ हायड्रोमीटर सोडतो. द्रवाची घनता बदलली की त्याचा तिरकेपणा बदलतो, त्यावरून ॲप आकडा दाखवतं. माझ्या लागरचा सुरुवातीला १.०४८, यीस्टने साखर खाल्ल्यावर साधारण १.०१०.

बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं नाही हं! साखर उरली असताना बाटल्या भरल्या तर आत गॅस वाढून काच फुटू शकते. आकडा सलग तीन दिवस जागचा हलता कामा नये. सेन्सरला फेस चिकटला तर तो चुकतो, म्हणून शेवटी काचेच्या हायड्रोमीटरने मोजतोच.

१२ अंश सेल्सिअसला आंबवताना कधी लोण्यासारखा वास राहतो. शेवटी दोन-तीन दिवस १७ अंश ठेवा, यीस्टच तो घालवतं. मग चारेक आठवडे २ अंशांवर. ॲपमध्ये तेव्हा सरळ रेघच दिसते, पण बिअर नितळ होते ती याच काळात.